हंपीत छायाचित्रासाठी उभे कुठे राहावे?

पन्नास रुपयांच्या नोटेवरील दगडी रथ सर्वांच्या परिचयाचा आहे. हंपीला गेलेला प्रत्येक जण विठ्ठल मंदिराच्या प्रांगणात त्याचे छायाचित्र घेतोच. परंतु आज दिसणारा हा रथ अपुरा आहे!

मद्रास सैन्यातील अधिकारी अलेक्झांडर ग्रीनलॉ याने १८५६ साली येथे कॅमेरा मांडला. निगेटिव्ह काचेची नव्हे, मेण लावलेल्या कागदाची. त्याच्या छायाचित्रात या रथावर विटांचे शिखर स्पष्ट दिसते. आणि शिखर असणारच, कारण हा रथ वस्तुतः गरुडाचे मंदिर आहे. पुढे ते शिखर नाहीसे झाले. उरला तो या कागदावरचा पुरावा.

१९८३ मध्ये जॉन गॉलिंग्ज या ऑस्ट्रेलियन छायाचित्रकाराने ग्रीनलॉच्या उभे राहण्याच्या जागा हुडकून तीच दृश्ये पुन्हा टिपली. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली की सव्वाशे वर्षांत काय ढासळले, ते दिसू लागते.

मातंग टेकडीवरचा सूर्योदय अवश्य टिपा. तो सारेच टिपतात. विठ्ठल मंदिरात मात्र ग्रीनलॉचे चित्र मोबाइलवर उघडा, आसपासच्या मंडपांचे खांब त्यातल्याप्रमाणे जुळेपर्यंत मागेपुढे सरका. आणि रथावरचे रिकामे आकाश चौकटीत येऊ द्या.