मैत्रीण : एकल स्त्रिया आणि विनोद (धाराशिव जिल्हा)

मैत्रीण (मराठवाडी बोलीत मैतरीण; ओव्यांत शेजी, शेजीबाई) : या नोंदीत नवऱ्याविना राहणाऱ्या स्त्रियांची आपसातली मैत्री, तीवर उभ्या राहिलेल्या विनोदी मालिका आणि धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यात त्या मैत्रीने घेतलेले रूप एवढाच भाग घेतला आहे.

‘शेजी’ हा शब्द शेजारातला. ही मैत्रीण निवडलेली नसते, भिंतीपलीकडे मिळालेली असते. बालपणीच्या मैत्रिणी माहेरी ठेवून आलेल्या बाईला सासरी दुसऱ्या बाईजवळ बसायचे तर निमित्त लागे : जाते, आड, खुरपण, हळदीकुंकू. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पातून लाखभर ओव्या जमल्या, त्या याच निमित्ताच्या आहेत. दोघी समोरासमोर, मध्ये एकच खुंटा, आणि घरातले बाकी सगळे झोपेत. सासूची, नवऱ्याची टवाळी तिथे निर्धास्त होई. पायलीभर दळण संपले की बैठक मोडे.

दूरचित्रवाणीवरच्या विनोदी मालिकेने हे निमित्तच काढून टाकले. अमेरिकेतल्या ‘द गोल्डन गर्ल्स’ (१९८५–९२) मालिकेत मायामीतल्या एका घरात चार प्रौढ बायका राहतात. तिघी विधवा, एक घटस्फोटित. रात्री झोप लागली नाही की त्या स्वयंपाकघरात टेबलाभोवती बसून चीजकेक खातात आणि बोलतात, बस्स. ‘लिव्हिंग सिंगल’ (१९९३–९८) मध्ये ब्रुकलिनच्या कृष्णवर्णीय मैत्रिणी आल्या. ‘सेक्स अँड द सिटी’चा (१९९८–२००४) बोलबाला सर्वांत मोठा, पण तिच्यातल्या चौघी जमतात त्या बहुतेक वेळा पुरुषांविषयी बोलायला, त्यामुळे स्त्रीवादाच्या फुटपट्टीवर ती मायामीच्या म्हाताऱ्यांहून तोकडी पडते. मुंबईत घडणारी ‘फोर मोअर शॉट्स प्लीज’ (२०१९ साली सुरू झालेली) याच घराण्यातली, पण तिची भाषा हिंदी-इंग्रजी.

मराठी पडद्याने निमित्ताचा हात सहसा सोडलेला नाही. ‘बिनधास्त’मध्ये (१९९९) दोन मैत्रिणींच्या गोष्टीला गुन्हा लागतो, ‘झिम्मा’त (२०२१) इंग्लंडची सहल, ‘बाईपण भारी देवा’त (२०२३) मंगळागौरीची स्पर्धा, शिवाय तिथल्या सहाजणी मैत्रिणी नव्हेत, सख्ख्या बहिणी. ‘दिल दोस्ती दुनियादारी’ (२०१५–१६) या मालिकेतले ‘माजघर’ हे घर अमेरिकी मालिकांच्या साच्याला सर्वांत जवळचे, पण तिथे निम्मे मुलगे. प्रशांत दळवी यांचे ‘चारचौघी’ (१९९१) निमित्तावाचून चालते. मात्र ते आई आणि तिच्या तीन मुलींचे नाटक आहे, विनोदी तर नाहीच.

धाराशिव जिल्ह्यात एकट्या बाईच्या हाकेला बाईनेच ओ दिल्याची जुनी कथा तुळजापूरची. कर्दम ऋषींमागे लहान मूल घेऊन तप करणाऱ्या त्यांच्या पत्नीला, अनुभूतीला, कुकूर दैत्याने गाठले. तिने हाक मारली आणि देवी त्वरेने धावली. म्हणून ती त्वरिता, पुढे तुळजा, असे स्थलपुराण सांगते.

प्रत्यक्षातली निमित्ते मात्र रुक्ष होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या किल्लारीच्या भूकंपाने लातूरबरोबर या जिल्ह्याचा उमरगा-लोहारा भाग उद्ध्वस्त केला. घरे दुरुस्त आणि मजबूत करण्याच्या सरकारी कार्यक्रमात प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोगाने गावच्या बायकांनाच ‘संवाद सहाय्यक’ म्हणून उभे केले. इंजिनिअर काय म्हणतो ते गावाला आणि गाव काय म्हणते ते इंजिनिअरला समजावणे हे त्यांचे काम. सिमेंट, सळई, हप्ता यांच्या चौकशीला बायका एकत्र जाऊ लागल्या. पुढे बचत गट आले. अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्याच बायकांना आरोग्याचे शिक्षण देऊन ‘भारतवैद्य’ केले.

एकल हा शब्द यानंतर रुळला, आणि त्याच्या मागेपुढे जे शब्द आहेत ते पाहण्यासारखे आहेत. गावात ‘टाकलेली’, ‘सोडलेली’ म्हणत. चळवळीने, विशेषतः निशा शिवूरकर यांच्या पुढाकाराने संगमनेरला १९८८ साली भरलेल्या परिषदेपासून, ‘परित्यक्ता’ पुढे आणला. तो सभ्य आहे, पण क्रियापद नवऱ्याचेच राहिले : त्याने टाकले म्हणून ही टाकलेली. ‘एकल’मध्ये नवरा व्याकरणातूनही गेला. विधवा, सोडलेली, घटस्फोटित, लग्न न केलेली, नवरा बेपत्ता असलेली अशा साऱ्याजणी त्यात मावतात. कोरो (स्थापना १९८९, मुंबई) या संस्थेच्या नेतृत्वविकास कार्यक्रमाच्या आधाराने मराठवाड्यात एकल महिला संघटना उभी राहिली, तिने हा शब्द गावोगाव नेला. रेशनकार्ड स्वतःच्या नावावर, घराला आणि सातबाऱ्याला नाव, संजय गांधी निराधार योजनेचे महिना १,५०० रुपये, अशा तिच्या मागण्या. विधवेला निदान मृत्यूचा दाखला दाखवता येतो. सोडलेलीला नवऱ्याने ‘सोडले’ असे कुठे लिहून दिलेले असते? तलाठ्यापुढे चौघी मिळून गेल्या की हा प्रश्न जरा हळू आवाजात विचारला जातो.

बचत गटांच्या आणि संघटनेच्या बैठकांतला विनोद फारसा नोंदलेला नाही, आणि ते नुकसान आहे. एकटी बाई मोठ्याने हसली की गाव मान वळवून बघते. सवाष्णींमध्ये तिने हसावे तर कार्याला तिला पुढे बसवत नाहीत. म्हणून हसायची जागाही गटाचीच बैठक. तिथे दारुड्या नवऱ्याची चाल करून दाखवतात, ‘नवरा कुठं असतो?’ असे विचारणाऱ्या साहेबाची नक्कल होते, आणि जिच्यावर बेतले तीच सर्वांत आधी हसते. दुःख हलके करायची ही रीत शहाणपणाची वगैरे ठरवण्याचे कारण नाही. ती आहे, एवढेच.

हप्ते जमा होतात, पासबुकांवर आकडे पडतात, वही मिटते, पेटीला कुलूप लागते. नियमाने आता उठायचे. पण दिवेलागण झाली तरी कोणी उठत नाही, आणि एखादी पदर सावरून निघालीच तर मागून कोणीतरी म्हणतेच, “बस की गं माय, कुणाचा नवरा भाकरीवाचून खोळंबलाय?”