फुलांची दरी आणि मेंढ्यांची वाट

'व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला जाऊन आलो' असं हापिसात सांगितलं की दोनच प्रश्न येतात. ब्रह्मकमळ दिसलं का, आणि फोटो कुठे टाकलेस? तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून मीच विचारतो. ही दरी 'सापडली' असं सगळे म्हणतात, म्हणजे नक्की काय झालं?

घांगरियातल्या चहाच्या टपरीपासून टूरवाल्यांच्या माहितीपत्रकापर्यंत एकच गोष्ट ऐकायला मिळते. १९३१ साली फ्रँक स्माइथ नावाचा इंग्रज गिर्यारोहक वाट चुकला आणि फुलांच्या समुद्रात येऊन पडला. ऐकायला झकास. पण मंडळी, स्माइथ काही चुकलाबिकला नव्हता. २१ जून १९३१ ला त्याच्या तुकडीने कामेट (७,७५६ मीटर) सर केलं. तोपर्यंत माणसाने माथा गाठलेलं सर्वांत उंच शिखर तेच. एरिक शिप्टन, डॉक्टर रेमंड ग्रीन, फुलांचा नाद असलेला होल्ड्सवर्थ (हा पुढे डून स्कूलमध्ये मास्तर झाला) अशी तगडी टीम होती. धौलीगंगेच्या खोऱ्यातल्या गमशाळीहून भ्यूंडार खिंड ओलांडायची आणि बद्रीनाथकडच्या डोंगरांत शिरायचं, हे त्यांचं ठरलेलं होतं. खिंड उतरताना पाऊस, बोचरा वारा. आणि खाली आल्यावर फुलं.

आता गंमत बघा. खिंडीचं नाव भ्यूंडार, आणि खाली जे गाव होतं त्याचंही नाव भ्यूंडार. ज्या खिंडीला गावाचं नाव आहे, जिथे उन्हाळा लागला की मेंढपाळ कळप घेऊन चढतात, तिथे शोध कसला लागतो? स्माइथने शोध लावला नाही, त्याने नाव दिलं. १९३७ साली तो फक्त या दरीसाठी परत आला, राहिला, रोपं आणि बिया गोळा केल्या आणि १९३८ मध्ये 'द व्हॅली ऑफ फ्लॉवर्स' हे पुस्तक छापलं. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्ट आधीपासून होतं, ब्रँडिंग स्माइथचं.

ते पुस्तक आल्याच्या पुढच्याच वर्षी, १९३९ मध्ये, जोन मार्गारेट लेग ही बाई ब्रिटनहून फुलं गोळा करायला इथे आली. वय चोपन्न. ४ जुलैला उतारावरून घसरली आणि गेली. नंतर तिच्या बहिणीने येऊन दगड बसवला. तो अजून दरीत आहे. मी ऑगस्टमध्ये गेलो तेव्हा दगडाभोवती गुलाबी तेरडा छातीपर्यंत वाढला होता. हो, तेरडाच! आपल्याकडे गौरीला लागतो त्याचाच हिमालयातला भाऊबंद, फक्त अंगापिंडाने दांडगा. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' म्हणणाऱ्यांनी एकदा येऊन बघावं, इथे आठवडेच्या आठवडे टिकतो.

असो. खरी गोष्ट १९८२ पासून सुरू होते. त्या वर्षी दरी राष्ट्रीय उद्यान झाली, साधारण साडेसत्त्याऐंशी चौरस किलोमीटर, आणि चराई बंद. पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या नेणाऱ्या गावांना एका अधिसूचनेने सांगितलं की आता आत यायचं नाही. याच चमोली जिल्ह्यात १९७४ मध्ये रेणीच्या गौरादेवी आणि बायकांनी ठेकेदाराच्या माणसांसमोर उभं राहून जंगल वाचवलं होतं, हे लक्षात ठेवलं तर तो हुकूम किती बोचला असेल याचा अंदाज येतो. भ्यूंडारचे लोक मग खेचरं, हॉटेलं आणि हमालीकडे वळले. हेमकुंडला जाणारी शीख यात्रेकरूंची रीघ होतीच, त्यामुळे धंदा चालला.

चराई थांबल्यावर काही वर्षांत दरीत एक झाड बोकाळलं. स्थानिक नाव अमेला. पुरुषभर उंच, पांढऱ्या फुलांचं. खालच्या बुटक्या फुलांना ऊनच मिळत नाही. गावकरी म्हणाले, बघा, मेंढ्या काढल्या म्हणून हे झालं. काही अभ्यासकही तसंच म्हणतात. पण दुसरी बाजू म्हणते की अमेला बाहेरचा नाहीच, तो दरड कोसळलेल्या आणि जुन्या गोठणांच्या जागी मुळापासून होता. मेंढ्या फुलंही खायच्या आणि दुर्मीळ वनस्पती तुडवायच्या, हे कसं विसरता? रिलीजनंतर बग दिसला म्हणून तो रिलीजमुळेच आला असं सिद्ध होत नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. वनखातं दर वर्षी माणसं लावून अमेला उपटतं, एवढं मात्र खरं. म्हणजे मेंढ्या फुकट करायच्या (थोडंफार तरी) ते काम आता पगारावर चालतं.

हसू नका, साताऱ्यात आपणही हेच केलं. कासच्या पठाराला गर्दी आवरायला कुंपण घातलं. त्याने गुरांची ये-जा अडते आणि फुलं कमी होतात, अशी ओरड झाली. २०२२ मध्ये कुंपण निघालं. पठार असो की दरी, 'अस्पर्श निसर्ग' ही शहरातल्या माणसाची कल्पना आहे असं माझं मत झालंय.

२००५ मध्ये दरी नंदादेवीबरोबर जागतिक वारसा यादीत गेली. जून २०१३ च्या पुरात भ्यूंडार गाव वाहून गेलं. ज्या गावाचं नाव खिंडीला आहे ते गावच. पायवाट, पूल सगळं नव्याने बांधावं लागलं. आता पुलना गावापर्यंत गाडी जाते, पुढे घांगरियापर्यंत दहाएक किलोमीटर चाल.

आमच्याबरोबरचा गाइड त्याच खोऱ्यातला, पंचविशीचा. त्याचे आजोबा म्हणे पावसाळाभर दरीतच मुक्काम ठोकायचे, मेंढ्या, कुत्रा आणि एक घोंगडी घेऊन. दुपारी आम्ही नदीकाठी डबा खात होतो. त्याने दोनदा घड्याळ बघितलं आणि उठा म्हणाला. दरीत रात्री राहायची परवानगी कुणालाच नाही, त्यालाही नाही.