फाळके उलटे वाचले तर : प्रोफेसर केळफाची गोष्ट

‘फा-ळ-के’ ही तीन अक्षरे उलट्या क्रमाने वाचली की ‘के-ळ-फा’ होते. रोमन लिपीत हे कोडे सुटत नाही, त्यासाठी देवनागरीच हवी. १९०१ च्या सुमारास ‘प्रोफेसर केळफा’ या भारदस्त नावाने जादूचे प्रयोग करणारा तरुण म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. पदवी अर्थातच कोणत्याही विद्यापीठाची नव्हती. त्या काळी जादूगार आणि सर्कसवाले ती खुशाल लावीत.

त्र्यंबकेश्वरच्या शास्त्र्यांचा हा मुलगा या मार्गाला लागला कसा?

मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात फाळके पुष्कळ काही शिकले. पण कोणत्याच धंद्यात त्यांचा जम बसेना. गोध्र्याला त्यांनी छायाचित्रांचा स्टुडिओ काढला. १९०० च्या प्लेगने पत्नी आणि मूल हिरावून नेले. ते बडोद्यास परतले, तर तेथे लोकांची समजूत अशी की, कॅमेरा माणसातील शक्ती शोषून घेतो आणि त्याला मरण येते! गिऱ्हाईक फिरकेना.

फाळके मग एका जर्मन जादूगाराकडून हातचलाखी शिकले. गंमत पाहा : हाती निव्वळ शास्त्रीय यंत्र होते तेव्हा लोक त्यांना भ्याले, आणि उघडउघड फसवू लागले तेव्हा तेच लोक कौतुकाने समोर येऊन बसले.

दहाएक वर्षांनी, गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहून फाळके झपाटले. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये ते लंडनला गेले आणि कॅमेरा घेऊन आले. आता भांडवल हवे होते. पण सावकाराचा विश्वास कसा बसावा? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभर थोडे थोडे चित्रण केले. पडद्यावर मिनिटभरात बियाचे रोप झाले. रिकाम्या कुंडीत क्षणात झाड उगवून दाखवणारे गारुडी लोकांनी पाहिले होते. इथे मात्र फसवणूक कुठेच नव्हती. पैसे उभे राहिले.

पॅरिसचा जॉर्ज मेलिएस हाही मूळचा जादूगारच. कॅमेरा थांबवायचा, वस्तू बदलायची, पुन्हा सुरू करायचा, ही त्याची आवडती युक्ती. फाळक्यांनी अशाच युक्त्या पुराणकथांत योजल्या. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) मध्ये विश्वामित्राच्या यज्ञातून शक्ती प्रकटतात. ‘श्रीकृष्णजन्म’ (१९१८) मध्ये भेदरलेल्या कंसाला आपलेच मुंडके धडावरून उडालेले दिसते.

‘कालियामर्दन’ (१९१९) मध्ये कृष्ण झाली होती त्यांची सात वर्षांची कन्या मंदाकिनी. चित्रपटाच्या आरंभी फाळके तिला साध्या वेशात समोर आणतात, तिच्या चेहऱ्यावरचे हावभाव एकेक करून दाखवतात आणि मगच प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत तिचा कृष्ण करतात. प्रयोगापूर्वी जादूगार आपले दोन्ही तळहात रिकामे असल्याचे दाखवतो ना, अगदी तसे.