हृदयविकार, रक्त आणि रकाना

‘घरात कुणाला हृदयविकार होता काय?’ परळच्या एका दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले आणि मी गप्प झालो. आजोबा गिरणीत होते. साचेखात्यात तुटलेला धागा तोंडाने ओढून धोट्यात ओवावा लागे. अस्पृश्याची थुंकी सवर्णाला चालत नसे. म्हणून आमची माणसे पिढ्यान्‌पिढ्या रिंगखात्यात राबली. १९८२ च्या संपात एका पहाटे छातीत कळ आली आणि आजोबा गेले. दाखल्यावर कारण काय लिहिले, हे घरात कुणी विचारले नाही. दाखलाही राहिला नाही.

वास्तविक हृदयरोगाच्या संशोधनात परळचे नाव मोठे आहे. १९२६ साली उघडलेल्या महापालिकेच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रोग्यांना सर्पगंधा देऊन पाहिली आणि निष्कर्ष १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापले. रक्तदाब हे हृदयधमनीच्या विकाराचे एक मोठे कारण, आणि तो उतरवणारे खात्रीचे औषध तेव्हा जवळजवळ नव्हतेच. या लेखाने पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष आपल्या एका मुळीकडे वळले. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीने तिच्यातून रेझर्पिन वेगळे काढले. १९५७ साली वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. हे श्रेय त्यांचेच. पण ते पन्नास जण कोण होते? पुरस्काराच्या कथेत ते नाहीत. अशा चाचण्यांच्या तक्त्यांत वय असते, रक्तदाब असतो. चाळ, खाते, पाळी नसते. संमती देताना रोग्याचे दृकश्राव्य मुद्रण करावे, हा दंडक आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या दट्ट्याने २०१३ साली आला!

आता शोध जनुकांपर्यंत पोचला आहे. २००७ साली नवव्या गुणसूत्रावर या विकाराशी निगडित जागा सापडली. पुढे अशा असंख्य जागांची बेरीज करून माणसाचा ‘जनुकीय धोका’ काढू लागले. दक्षिण आशियाई माणसाला हा विकार लवकर गाठतो, तेव्हा ‘तुमच्या रक्तातच आहे’ असे सहज म्हटले जाते. रक्ताची ही भाषा आपल्या चांगल्या ओळखीची आहे. ५२ देशांतील इंटरहार्ट अभ्यासाने २००४ साली दाखवले, की पुरुषांच्या पहिल्या झटक्यामागच्या धोक्याचा ९० टक्के हिस्सा तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, मानसिक ताण अशा नऊ गोष्टींत सापडतो. यांतल्या काहींतूनही जनुके काम करतात, हे खरे. पण ताण कुणाच्या वाट्याला किती, हे जनुक ठरवीत नाही.

परळच्या चाळीत राहिलेल्या बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात मांडले, की जातीचा कणा सजातीय विवाह आहे, वंश नव्हे. बरोबर शंभर वर्षांनी, २०१६ साली, बंगालमधील कल्याणीच्या संशोधकांनी जनुके वाचून सांगितले, की वरच्या जातींतील बेटीबंदी सुमारे ७० पिढ्यांपूर्वी घट्ट झाली. म्हणजे रक्ताने जात घडवली नाही. जातीने रक्ताला कुंपण घातले. जनुकांच्या नकाशात जातीची नावे लिहिणाऱ्यांनी हा क्रम उलटा वाचू नये.

डॉक्टरांना मी शेवटी ‘माहीत नाही’ एवढेच म्हणालो. घरी येऊन कागद पाहिला. त्या रकान्यात लिहिले होते, ‘काही नाही’.