साखळी, खिळे आणि ते छोटं बटण

सिरॅक्यूजहून थ्रूवेने पूर्वेला निघालं की तासाभराच्या आत कॅनस्टोटा नावाचं छोटं गाव लागतं. लोक तिथे बॉक्सिंगचा हॉल ऑफ फेम बघायला जातात. मला ते गाव आठवतं ते हॅरी वीडमुळे. त्या काळी चिखलात, बर्फात गाडी रुतू नये म्हणून लोक चाकांना चक्क दोर गुंडाळायचे. वीडने दोराच्या जागी लोखंडी साखळी आणली आणि १९०४ साली तिचं पेटंट घेतलं. हिवाळ्यात इथे सरोवरावरून जो बर्फ येतो तो पाहिला की हे याच भागातल्या माणसाला का सुचलं ते कळतं.

साखळीनंतरची मोठी पायरी फिनलंडची. तिथे १९३४ मध्ये ट्रकसाठी खास हिवाळी टायर निघाले, दोन वर्षांनी मोटारींसाठी, आणि १९६१ च्या सुमारास त्यात धातूचे खिळे बसले. खिळे बर्फाला धरतात खरे, पण बर्फ नसेल तेव्हा डांबरही उकरतात. मिनेसोटासारख्या थंड राज्याने १९७१ मध्ये त्यांच्यावर बंदी घातली ती म्हणूनच.

इथपर्यंतची सगळी खटपट एकाच गोष्टीसाठी होती, चाकाची पकड वाढवण्यासाठी. पुढे मात्र गाडीच वेगळी झाली. त्याच १९७१ मध्ये ब्यूकने मॅक्सट्रॅक आणलं. मागची चाकं नुसतीच गरगरायला लागली की ते इंजिनाचा जोर क्षणभर तोडायचं. १९७८ मध्ये मर्सिडीजमध्ये बॉशचे अँटीलॉक ब्रेक आले.

त्यानंतरचा किस्सा मला फार आवडतो. १९८९ च्या हिवाळ्यात मर्सिडीजचा इंजिनियर फ्रँक वर्नर-मोन स्वीडनमध्ये चाचणी घेताना घसरून रस्त्याकडेच्या चरात गेला. गाडी ओढून काढणाऱ्याची वाट बघत बसला असताना त्याच्या मनात आलं, गाडी आडवी सरकते आहे हे ब्रेकना कळलं तर? एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून तिला सरळ करता येईल. पहिल्या प्रयोगासाठी जायरोस्कोप मिळवला तो खेळण्यातल्या हेलिकॉप्टरमधून! १९९५ मध्ये ही यंत्रणा महागड्या एस क्लासमध्ये आली. १९९७ मध्ये स्वीडनमधल्याच एका चाचणीत छोटी ए क्लास उलटली, कंपनीची शोभा झाली आणि मग ती यंत्रणा स्वस्त गाडीतही मुकाट्याने बसवावी लागली. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून ती नव्या मोटारींना सक्तीची आहे.

हे सगळं उगाळायचं कारण आमचा भाचा. नाशिकहून इकडे आला, पहिल्याच हिवाळ्याआधी फोर व्हील ड्राइव्ह गाडी घेतली आणि मला म्हणाला, "मामा, आता स्नो टायर कशाला?" अरे बाबा, ही यंत्रणा म्हणजे घरातली काटकसरी गृहिणी. आहे त्या पगारात ती महिना नीट भागवते, पगार वाढवत नाही. पगार म्हणजे टायर आणि रस्ता यांच्यातली पकड. फोर व्हील ड्राइव्हने गाडी झोकात सुटते, पण ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात. त्यामुळे थांबताना त्याचा काडीचा उपयोग नाही. उलट सुटायला त्रास झाला नाही म्हणून रस्ता किती निसरडा आहे ते माणसाला कळतच नाही. कॅनडाच्या क्वेबेकने २००८ मध्ये सक्ती केली ती हिवाळी टायरची, फोर व्हील ड्राइव्हची नव्हे.

आणि ते घसरत्या गाडीचं चित्र असलेलं बटण. पुष्कळ जणांना ते कशाला आहे हेच माहीत नसतं. एरवी त्याला हात लावू नका. पण गाडी भुसभुशीत बर्फात रुतली आणि ट्रॅक्शन कंट्रोल इंजिनाचा जोर काढून घेत असेल, तर तेवढ्यापुरतं ते बंद करून गाडी हळूहळू पुढेमागे झुलवा. साखळ्या लावल्या असतील तर काय करायचं ते गाडीच्या पुस्तकात बघा. बाहेर निघालात की पहिलं काम, ते परत चालू करायचं.