विमान चालवायला बाई असते का?

 

मागे आम्ही तलासरीकडच्या एका बचत गटाच्या बैठकीला गेलो होतो. हिशोब झाला, वही मिटली, चहा आला. तेवढ्यात डोक्यावरून विमान गेलं. आईबरोबर आलेल्या आठवीतल्या एका मुलीने वर बघत विचारलं, "ते विमान चालवायला बाई असते का?" सगळ्या हसल्या. एक आजी म्हणाली, "अगं, आपल्याला एसटीचं अर्धं तिकीट काढतानाही विचार करावा लागतो, आणि तू विमान चालवायला निघालीस!" पुन्हा सगळ्या हसल्या. मुलगी मात्र हसली नाही. आम्हालाही तिला धड उत्तर देता आलं नाही. म्हणून आजची ही गोष्ट तिच्यासाठी, आणि तुमच्या घरात अशी एखादी असेल तर तिच्यासाठीही.

गोष्ट सुरू होते आपल्याच आभाळात. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून एका लहानशा विमानात एकटेच निघाले. विमानात प्रवासी नव्हते, टपाल होतं. वाटेत ते अहमदाबादला उतरले. तिथे विमानासाठी पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणले होते. मग तिथून निघून दुपारी ते मुंबईला जुहूच्या मैदानात उतरले. नकाशा उघडून अहमदाबाद ते मुंबई सरळ रेघ ओढा. ती आपल्या डहाणूवरूनच जाते. टाटांच्या त्या टपाल कंपनीचीच पुढे एअर इंडिया झाली. १९५३ साली सरकारने ती ताब्यात घेतली. देशातल्या देशात उडणाऱ्या बाकीच्या कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स केली. २०२२ च्या जानेवारीत एअर इंडिया पुन्हा टाटांकडे गेली. हे झालं कंपन्यांचं. त्यात बाया कुठे होत्या?

बाया होत्या. १९३६ साली लाहोरला सरला ठकराल नावाच्या एकवीस वर्षांच्या बाईने एकटीने विमान उडवलं, तेही साडी नेसून. घरी तिची लहान मुलगी होती. नवरा विमानातून टपाल नेणारा पायलट. तिला पुढे पोटापाण्यासाठी विमान चालवण्याचं लायसन्स काढायचं होतं. पण १९३९ साली नवरा विमान अपघातात गेला. त्याच सुमाराला महायुद्ध पेटलं आणि शिकणं थांबलं. तिने मग चित्रकला शिकून संसार उभा केला. विमान उडवणं तिला येत होतं, पण त्यावर तिला कधी पगार मिळाला नाही.

पगार मिळवणारी पहिली बाई म्हणजे प्रेम माथुर. १९४७ साली त्यांनी लायसन्स मिळवलं आणि कंपन्यांना अर्ज केले. एक नाही, दोन नाही, आठ कंपन्यांनी नाही म्हटलं. बाई विमान चालवते म्हटल्यावर प्रवासी घाबरतील, असं त्यांचं म्हणणं. शेवटी हैदराबादच्या डेक्कन एअरवेज कंपनीने त्यांना घेतलं. १९४९ साली त्यांनी देशातली विमानांची शर्यत जिंकली. तरी त्या कंपनीने त्यांना कॅप्टन केलं नाही. विमानात पुढे दोन खुर्च्या असतात, मैत्रिणींनो. डावीकडे कॅप्टन, उजवीकडे त्याचा सहवैमानिक. विमान दोघंही चालवतात, पण शेवटचा शब्द कॅप्टनचा. शर्यत जिंकलेल्या बाईला कंपनीने शेवटचा शब्द दिला नाही. हे आपल्याला नवं नाही. शेतात काम आपलं आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं, तसंच हे.

पुढे कोलकात्याच्या दुर्बा बॅनर्जी आल्या. त्यांनी पायलट म्हणून अर्ज केला, तर त्यांना आधी हवाई सुंदरीची नोकरी सुचवली गेली, असं सांगतात. त्यांनी ती घेतली नाही. १९६६ साली त्या इंडियन एअरलाइन्समध्ये पायलट झाल्या आणि १९८८ साली निवृत्त होईपर्यंत विमानं चालवत राहिल्या.

हवाई सुंदरीची नोकरी तरी कशी होती, तेही ऐका. एअर इंडियाचा तेव्हा नियम होता. नोकरीला लागल्यापासून चार वर्षांच्या आत लग्न केलं, तर नोकरी गेली. पहिल्यांदा दिवस गेले, तर नोकरी गेली. पस्तिशी गाठली, तरी नोकरी गेली. साहेबांची मर्जी असेल तर पुढे काही वर्षं. त्याच विमानात काम करणाऱ्या पुरुषांना यातलं काही नव्हतं. नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सोबतिणी कोर्टात गेल्या. १९८१ साली सुप्रीम कोर्टाने निकाल दिला. गरोदर राहिली म्हणून नोकरीवरून काढणं कोर्टाने रद्द केलं. साहेबांच्या मर्जीचं कलमही रद्द केलं. पण लग्नाची अट कोर्टाने तेव्हा तशीच राहू दिली. सगळं मागितलं, त्यातलं थोडं मिळालं. पण मागितलं म्हणून तेवढं तरी मिळालं.

आता आपल्या मराठी बाईचं नाव घेऊ. कॅप्टन सौदामिनी देशमुख. नोव्हेंबर १९८५ मध्ये इंडियन एअरलाइन्सचं एक विमान कोलकात्याहून आसाममधल्या सिल्चरला गेलं. त्यात डाव्या खुर्चीत कॅप्टन सौदामिनी देशमुख आणि उजव्या खुर्चीत निवेदिता भसीन होत्या. दोन्ही खुर्च्यांवर बाया, असं आपल्या देशात पहिल्यांदाच झालं. पुढे १ जानेवारी १९९० रोजी निवेदिता स्वतः कॅप्टन म्हणून मुंबईहून औरंगाबादमार्गे उदयपूरला जेट विमान घेऊन गेल्या. तेव्हा त्या २६ वर्षांच्या होत्या. प्रेम माथुरना मिळालेल्या आठ नकारांपासून सिल्चरच्या विमानापर्यंत ३८ वर्षं गेली, हे लक्षात ठेवा.

आणि १९३२ ची ती वाट? १५ ऑक्टोबर २०२१ रोजी मुंबईच्या आरोही पंडित या मुलीने एका लहान विमानातून ती वाट पुन्हा एकटीने उडून दाखवली. कराचीऐवजी ती कच्छमधल्या भुजहून निघाली, अहमदाबादला थांबली आणि जुहूला उतरली. त्याआधी २०१९ साली तिने लहान विमानातून एकटीने अटलांटिक समुद्र ओलांडला होता.

आज काय आहे? जगात शंभर पायलटांमागे सुमारे ५ बाया आहेत. आपल्या देशात १५ हून जास्त आहेत, असं केंद्र सरकारने संसदेत सांगितलं आहे. म्हणजे यात आपण अमेरिका-इंग्लंडच्याही पुढे. याचं एक कारण ऐकून तुम्हाला बरं वाटेल. पायलट आई दोन-दोन दिवस बाहेर असते, तेव्हा घरी लेकराला आजी, मावशी, आत्या सांभाळते. कॉकपिटमधल्या बाईच्या मागे घरातल्या बाया उभ्या आहेत.

तर पोरी, तुझं उत्तर "हो, असते" असं आहे. पण आमचं बोलणं इथे संपलं, तर आम्ही तुला अर्धंच सांगितलं असं होईल. पूर्वी दारावर "बाई नको" अशी पाटी होती. आता ती नाही. आता दारावर पैसे मागतात.

पायलट व्हायला बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागतं. डॉक्टरी तपासणी होते. चष्मा असला तरी चालतो, पण चष्मा लावून नजर पक्की दिसली पाहिजे. मग हवामान, दिशा, नियम असे पेपर आणि २०० तास विमान उडवण्याचा सराव. या लायसन्सला साधारण ४० ते ५० लाख रुपये लागतात, कधी जास्तही. त्यानंतर ज्या जातीचं मोठं विमान चालवायचं, त्याचं वेगळं शिक्षण, त्याचे वेगळे लाखो रुपये. बहुतेक वेळा हा खर्च विमान कंपनी करत नाही, घरच्यांनी करायचा असतो. आणि एवढं करून हातात येतं ते लायसन्स. नोकरीसाठी पुन्हा परीक्षा, पुन्हा मुलाखत.

नोकरी मिळाली तर पगार चांगला असतो, हे खरं. पण हा धंदा भरती-ओहोटीचा आहे. २०१२ साली किंगफिशर बंद पडली. १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेजचं शेवटचं विमान उतरलं. २०२० ला कोरोना आला. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट थांबली. दर वेळी शिकलेसवरलेले पायलट घरी बसले. आणि त्याच २०२३ साली एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० नव्या विमानांची मागणी नोंदवली. नोव्हेंबर २०२५ पासून पायलटांच्या विश्रांतीचे नवे नियम पूर्ण लागू झाले, आणि डिसेंबरमध्ये इंडिगोला माणसं पुरेनात आणि हजारो फेऱ्या रद्द झाल्या. मग एजंट म्हणतात, "बघा, पायलट कमी आहेत, आजच फी भरा." पण नीट समजून घ्या. कमी पडतात ते बहुतेक अनुभवी कॅप्टन. २०० तासवाल्या नव्या मुलामुलींची रांग मोठी असते, काहींना वर्षानुवर्षं थांबावं लागतं.

ओडिशात मलकानगिरी नावाचा आदिवासी जिल्हा आहे. तिथली अनुप्रिया लाक्रा ही उरांव समाजाची मुलगी २०१९ साली इंडिगोमध्ये सहवैमानिक झाली. वडील पोलिसात हवालदार, आई घर सांभाळणारी. २०१२ साली तिने इंजिनिअरिंग सोडून विमानाचं शिक्षण धरलं. वडिलांनी कर्ज काढलं, नातेवाइकांकडून पैसे घेतले. सात वर्षं लागली. ती पोचली याचा आम्हाला फार आनंद आहे. पण त्या सात वर्षांत त्या घराने काय सोसलं असेल, हेही आमच्या मनात येतं.

कारण कर्ज म्हणजे काय, हे आपल्या भागाला दुसऱ्याने शिकवायला नको. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात इथे लग्नगडी होते. लग्नापुरते थोडे पैसे सावकाराकडून घेतले, की नवरा-बायको दोघं जन्मभर त्याच्या शेतावर राबायची. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळ झरी गावात गोदावरीबाई परुळेकरांच्या साथीने हजारो वारली जमले आणि आता वेठ करणार नाही असं ठरलं. ती वेठ सुटली, जमिनीही पुढे लढूनच मिळाल्या. ती जमीन फीसाठी गहाण टाकू नका. कर्ज चांगल्या कामासाठी काढलं, तरी ते फेडायचं कसं हा प्रश्न तसाच राहतो.

मग मुलीला काय सांगायचं? फी न भरता उडण्याचीही एक वाट आहे. खडकवासल्याच्या एनडीएमध्ये २०२२ पासून मुलींना घेतात. हवाई दलाचं सगळं शिक्षण सरकारी खर्चाने होतं. वय साडेसोळा ते साडेएकोणीस, मुलगी अविवाहित हवी, आणि बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवं. त्याच्या तयारीसाठी आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यात राज्य सरकारने २०२३ पासून मुलींची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था चालू केली आहे. दहावीच्या वर्षी तिची परीक्षा असते. परीक्षा कठीण आहे, जागा थोड्या आहेत, पण घर गहाण पडत नाही. प्रवासी विमानाकडेच जायचं असेल, तर उत्तर प्रदेशात सरकारची उडान अकादमी आहे, तिथे आरक्षित जागा असतात. शिष्यवृत्तीचं काय, ते डहाणूच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयात जाऊन विचारा. एकट्याने जाऊ नका, चार-पाच जणी मिळून जा. आणि जे सांगतील ते कागदावर लिहून मागा.

दोन्ही वाटा एकाच ठिकाणावरून जातात, मैत्रिणींनो. ते ठिकाण म्हणजे दहावीनंतरचं वर्ष. आपल्या कितीतरी मुली तिथेच थांबतात. कॉलेज लांब असतं, घर वीटभट्टीवर निघालेलं असतं, नाहीतर स्थळ आलेलं असतं. गणिताला शिक्षक नसतो, म्हणून मुलगी आर्ट्स घेते आणि ते दार तिला न कळताच बंद होतं. पन्नास लाख आपल्या गटाकडे नाहीत. पण मुलीला दोन वर्षं भट्टीवर न नेणं, लग्नाची घाई न करणं, शाळेत गणिताचा शिक्षक मागायला दहा जणींनी मिळून जाणं, हे आपल्या हातातलं आहे. प्रेम माथुरने आठ नकारांनंतर नववं दार वाजवलं. नर्गेश मिर्झा एकटी गेली नाही, सोबतिणी घेऊन गेली.

पुढच्या बैठकीत हिशोब झाल्यावर एवढंच करा. आपल्या पाड्यावर यंदा आठवी, नववी, दहावीला किती मुली आहेत, त्यांची नावं वहीत लिहा. त्यातली एखादी वर बघून काही विचारत असेल, तर हसू नका. तिला तिचं गणिताचं पुस्तक कुठवर झालंय ते विचारा.