गायरान : गुरांचे की नांगराचे?

गावची जमीन म्हटली की मळे नि शेते आठवतात. गायरान सहसा कोणी आठवत नाही. पण जिच्या घरी जमिनीचा तुकडा नाही, तिची शेळी, चुलीचे सरपण आणि गोवऱ्यांचे शेण याच माळावरून येते.

इंग्रजी अमलात जंगलखात्याने डोंगर नि गायराने ताब्यात घेतली, तेव्हा जोतीराव फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्याविरुद्ध लिहिले. पुढे महायुद्धात धान्याचा तुटवडा पडला. तेव्हा ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम निघाली आणि सरकारी जमिनी एकसाली पट्ट्याने लागवडीस मिळू लागल्या. पट्टा वर्षाचा, मग बांध कोणी घालावा, विहीर कोणत्या भरवशावर खणावी? म्हणून भूमिहीनांनी कायम हक्क मागितला. १९५९ आणि १९६४ साली दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाले. लेकरे कडेवर घेऊन स्त्रियाही तुरुंगात गेल्या.

१९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत गावच्या गुरांच्या मोफत चराईसाठी जमीन राखण्याची तरतूद आहे. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्यास सांगितले. मात्र सरकारी अधिसूचनेने भूमिहीनांना दिलेले पट्टे अपवाद ठरू शकतात, असेही म्हटले.

भगिनींनो, शेळी राखणारी आणि पट्टा कसणारी बहुधा एकाच वस्तीतल्या असतात. चराई किती राखावी, पट्टे कोणाला द्यावेत, हे ग्रामसभेत दोघींना विचारूनच ठरावे.